झाडावर बोललेलं

४ फेब्रुवारी

मामा,

पोचले. खोली मिळाली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे, त्यामुळे जिन्याला सदानकदा रबराचा वास. खिडकी एकच, तीही समोरच्या भिंतीकडे तोंड करून रुसून बसल्यासारखी. पण दार नीट लागतं, नळाला पाणी आहे आणि मालकीण कमी बोलते. एवढ्यावर माझं भागतं.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. उचलतोस तेव्हा मी विचारते "जेवलास का" आणि तू सांगतोस "परवा". त्यापेक्षा कागद बरा, दोनदा वाचता तरी येतो.

आता कामाचं ऐक. आमची टोळी चौघांची. मुकादम, झाडावर चढणारे मास्तर, फांद्यांचा भुगा करणाऱ्या मशीनवर भोंगा आणि खाली दोरावर मी, म्हणजे मास्तरांचा दोर सांभाळणारी. मास्तर काही शाळेत शिकवत नव्हते, सगळ्यांच्या गाठी तपासतात म्हणून मास्तर. भोंग्याला भोंगा का म्हणतात ते तो पहिल्यांदा "या, या" म्हणाला तेव्हाच कळलं. माझ्या गाठी मास्तरांनी पहिल्याच दिवशी ओढून, पिळून बघितल्या. म्हणाले, "कुणी शिकवल्या?" मी म्हटलं, "मामानं." म्हणाले, "मामा जिवंत आहे ना, मग गाठी बरोबर आहेत." हे कौतुक होतं असं मी धरून चालले.

आणि गंमत म्हणजे, या हंगामापासून टोळीला हेडसेट आलेत. हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना जाड वाट्या, त्या कानावर गच्च बसतात. बाहेरची करवत एकदम लांब गेल्यासारखी वाटते. आणि त्या वाट्यांच्या आतूनच माणसं बोलतात. मास्तर वर पानांत दिसतसुद्धा नाहीत, पण "सोड, थोडं सोड" असं म्हणतात ते अगदी कानाशी. मला पहिल्यांदा दचकायलाच झालं.

तुला हे मिळायला हवं होतं रे.

तुझी
खारू


११ फेब्रुवारी

खारू,

तुझं पत्र आलं. अक्षर अजून कोंबडीचंच आहे. असो.

माझं उत्तम चाललंय. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं यंत्र दिवसभर घालतो. सगळं खणखणीत ऐकू येतं, फक्त फोनशी त्याचं जमत नाही. संध्याकाळी शेजारचे घड्याळजी पत्ते खेळायला येतात. हरले की पत्ते जुने झाले म्हणतात. कानातला रातकिडा आहेच, त्यानं कायमचा मुक्काम ठोकलाय, पण आता आमची सवय झालीय एकमेकांना.

हेडसेटचं वाचून बरं वाटलं. आमच्या वेळी कापसाचा बोळा हेच संरक्षण, आणि तोसुद्धा जो घालेल त्याला बाकीचे विचारायचे, "काय रे, सर्दी झाली का?" दोन झाडांवर दोन करवती चालू आणि खाली उभा माणूस घसा फाटेस्तोवर ओरडतोय. मी वरून हात हलवायचो. हात मोकळा नसला तर पाय. एकदा पाय हलवला तर खालच्यानं समजून घेतलं की माझ्या पायाला मुंग्या चावतायत.

तुला एकच सांगतो, आणि हे भिंतीवर लिहून ठेव. कुणी समोर बोलतंय आणि ऐकू येत नाही म्हणून त्या वाट्या वर उचलायच्या नाहीत. मशीन बंद करायचं, मग उचलायच्या. "एवढं एक वाक्य ऐकते" असं करत करतच माझे कान गेले. मला काही धडाम आवाज होऊन बहिरेपण आलं नाही. एकेका वाक्यानं आलं.

जेवत जा. टोळीतल्या लोकांशी बोलत जा, नुसती भिंतीकडे बघत बसू नकोस.

मामा


२३ फेब्रुवारी

मामा,

टोळीतल्या लोकांशी बोलत जा म्हणतोस. तेच तर जमत नाही.

दिवसभर आम्ही एकमेकांच्या कानात असतो. मास्तर खोकले की मला कळतं. मग काम संपतं, हेल्मेट काढून गाडीच्या मागे टाकतो, आणि सगळे गप्प. गाडीत शेजारी शेजारी बसून कुणी कुणाकडे बघत नाही. ते तिघं बरीच वर्षं एकत्र आहेत, त्यांना बोलायची गरज पडत नसेल. मी नवी. मी विचारलं, "उद्या कुठे?" मुकादम म्हणाले, "उद्या कळेल." झालं संभाषण. खोलीवर येते, खालचा दुकानदार शटर ओढतो, आणि मग सकाळपर्यंत माझ्याशी कुणीही बोलत नाही. परवा दूधवाल्याला "सुटे नाहीत" म्हणताना माझा आवाज चिरकला. वापरला नव्हता ना.

आता एक विचारायचंय. हे कुणाला सांगू नकोस, म्हणजे तू कुणाला सांगणार म्हणा.

मुकादम आणि भोंगा एका चॅनलवर असतात, मी आणि मास्तर दुसऱ्यावर. मुकादमांना आमच्याशी बोलायचं असलं की ते बटण दाबून येतात. मास्तरांचे दोन्ही हात कामात असतात म्हणून त्यांचा माईक आवाजावर उघडतो. मोठ्यानं बोललं तरच उघडतो असं त्यांना वाटतं. पण तो पुटपुटल्यावरही उघडतो, मामा. आणि मास्तर वर सारखे पुटपुटतात.

पहिल्यांदा मला वाटलं मलाच काही सांगतायत. "अगं, इथून तळं दिसतंय बघ." मी म्हणणार होते की मला नाही दिसत, तेवढ्यात पुढचं आलं, "तुला आवडलं असतं." मग कळलं की ही 'अगं' मी नव्हे. भोंग्याला सहज विचारलं मास्तरांच्या घरी कोण कोण असतं. म्हणाला, "कोणी नाही. बायको गेली दोन वर्षांपूर्वी."

ते तिला सगळं सांगतात. घरट्यात अंडी आहेत म्हणून ही फांदी आज सोडतो. गुडघा दुखतोय. शर्टाचं बटण तुटलंय, शिवायचा कंटाळा आलाय. आणि मी खाली दोर धरून उभी.

सांगू का त्यांना, माईक उघडा असतो म्हणून?

खारू


२ मार्च

खारू,

नको सांगूस.

माणसाला बोलायला एक जागा लागते. त्याची ती जागा झाडावर आहे. तू सांगितलंस की तो लगेच तोंड मिटेल, आणि खाली आल्यावर तुझ्याकडे बघायचीही त्याला चोरी होईल. तू ऐकलं न ऐकलं कर. यात कुणाचं नुकसान नाही.

मीही वर बोलायचो. झाडाशीच बोलायचो. "बाई गं, एवढी फांदी दे, मग तुला त्रास देत नाही" असं. शहाण्या माणसाला वर चढवून बघ, तोही बोलायला लागेल.

इकडे सगळं ठीक. परवा चहाचं भांडं करपलं. पाणी उकळून संपलेलं कळलंच नाही, वास आल्यावर धावलो. घड्याळजी हसले. तू लांब लांब पत्रं लिहीत जा. वाचून झालं की मी पुन्हा पहिल्यापासून वाचतो, तेवढाच वेळ जातो.

दूधवाल्याशी रोज दोन वाक्यं बोलायची. औषध समज.

मामा


१४ मार्च

मामा,

हे पत्र मिळाल्या मिळाल्या उत्तर लिही. पोस्टात टाकायला दुसऱ्या दिवसाची वाट बघू नकोस.

तू सांगितलंस तसं मी गप्प राहिले. खरं सांगू का, मला ते आवडायला लागलं होतं. सकाळी हेल्मेट चढवलं की मी त्यांच्या बोलण्याची वाट बघायचे. पण सोमवारी ते म्हणाले, "अगं, डावा कान आज पुन्हा भरल्यासारखा झालाय. शिट्टी वाजतेय नुसती." आणि काल म्हणाले, "पुन्हा फिरलं. गेल्या वेळेसारखंच. थांबतो जरा, मग जातं." मी वर बघितलं. मास्तर खोडाला कपाळ टेकवून उभे होते. करवत चालूच होती त्यांच्या हातात. मग ठीक झालं, आणि नेहमीच्या आवाजात मला म्हणाले, "सोड, थोडं सोड."

त्यांना वर चक्कर येते, मामा. कुणालाच माहीत नाही. माहीत आहे ते मला आणि त्यांच्या गेलेल्या बायकोला.

मुकादमांना सांगितलं तर मास्तरांचं चढणं त्याच दिवशी बंद. चढणं बंद झालं तर ते बोलणार कुठे? आणि त्यांना कळणार की मी इतके दिवस ऐकत होते. नाही सांगितलं तर ते पडणार. पट्टा आहे, दोर आहे, सगळं खरं. पण हातात चालू करवत आहे.

काय करू? तुला या कानांचं कळतं. लवकर लिही.

खारू


२९ मार्च

मामा,

तुझं उत्तर आलं नाही. रोज दुकानदाराला विचारतेय, आता तो मला बघूनच मान हलवतो.

आता उत्तर नको. झालं ते होऊन गेलं.

परवा एका शाळेच्या आवारात काम होतं. शाळेला सुट्टी होती. मोठं जुनं झाड, अर्धा शेंडा वाळलेला. मास्तर अगदी वर. सकाळपासून ते काहीच बोलले नव्हते आणि मला त्याचीच भीती वाटत होती. मग त्यांचा श्वास ऐकू यायला लागला, छोटा छोटा, कुत्र्यासारखा. आणि मग, "अगं, फिरतंय. सगळंच फिरतंय. धर मला."

मी म्हटलं, "मास्तर, मी दोरावर आहे. मला ऐकू येतंय. करवत बंद करा."

पलीकडून नुसता श्वास. मी पुन्हा म्हटलं, "करवत बंद करा आणि सोडून द्या, ती पट्ट्याला बांधलेली आहे." करवत थांबली. मग म्हणाले, "कोण?"

"मी. दोरावरची. झाडाला छाती लावा. समोर सालीवर एक खूण बघा आणि तिच्यावरून नजर हलवू नका."

बटण दाबून मुकादमांना सांगितलं. त्यांनी माणसाला वर उचलणारी पाळण्याची गाडी मागवली. ती यायला खूप वेळ लागला. तोवर मी बोलत राहिले, कारण मी थांबले की ते म्हणायचे, "आहेस ना?" आधी झाडाबद्दल बोलले. मग झाडाबद्दलचं सगळं संपलं. मग माझ्या खोलीबद्दल सांगितलं, रबराच्या वासाबद्दल, मालकीण झोपेत इतक्या जोरात शिंकते की भिंतीपलीकडून मी दचकून उठते त्याबद्दल. आई गेल्यावर तू मला कसं वाढवलंस, तुला माझी वेणी घालता यायची नाही म्हणून तू दोराची गाठ घालायचास आणि ती शाळेत कुणाला सुटायची नाही, ते सांगितलं. इतक्या दिवसांत मी कुणाशी बोलले नव्हते ते सगळं एका झाडाखाली उभं राहून बोलले. माझी मान आखडली, पण मी वर बघणं सोडलं नाही.

पाळण्यातून त्यांना उतरवलं. पाय टेकल्यावर त्यांनी हेल्मेट काढलं, गवतावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसले.

मुकादम म्हणाले, "तुला आधीपासून माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

"किती दिवस?"

सांगितलं. भोंग्याचा आवाज मी पहिल्यांदा हळू ऐकला. म्हणाला, "अगं, मेला असता की."

मास्तर तेव्हापासून कामावर आलेले नाहीत. मुकादमांनी सगळ्यांचे माईक बटणावर करून टाकलेत. आता कानात काहीच येत नाही. करवत लांब, माणसं त्याहून लांब. वाट्यांच्या आत माझंच रक्त वाहताना ऐकू येतं.

तू म्हणालास, यात कुणाचं नुकसान नाही. म्हणून मी गप्प राहिले. आणि मी विचारलं तेव्हा तू गप्प राहिलास.

खारू


५ एप्रिल

खारू,

अक्षर बघून घाबरू नकोस. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून मी सांगतोय आणि खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई लिहून घेतायत. रस्ता ओलांडताना मागून स्कूटर आली. त्यानं हॉर्न वाजवला म्हणे. वाजवला असेल. मनगट मोडलं, डोकं थोडं आपटलं, बाकी खरचटलं. बरेच दिवस दवाखान्यात होतो. मी घरी परत आल्यावर तुझी दोन्ही पत्रं एकदमच हातात पडली.

 मी तुला चुकीचं सांगितलं, पोरी. त्याच्या बोलण्याचाच विचार केला. तो झाडावर उभा आहे हे माझ्या, माझ्या मेल्याच्या, लक्षात यायला हवं होतं. ती चूक माझी, तू ती स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरू नकोस. मुकादमालाही हवं तर हे पत्र दाखव.

आता असं कर. त्याच्या घरी जा. माफी मागायला नको, समजूत काढायला नको. नुसती जा. तो दार उघडणार नाही. कान गेलेली, तोल गेलेली माणसं दार उघडत नाहीत, त्यांना वाटतं आता आपण लोकांना ओझं. दुसऱ्यांदा वाजव. तिसऱ्यांदाही.

मामा

मुली, हे पुढचं मी माझ्या मनानं लिहितेय. त्यांना वाटतंय मी पत्ता लिहितेय. कानाचं यंत्र ते घालत नाहीत, टेबलाच्या खणात रुमालात गुंडाळून ठेवलंय. घड्याळजी मागच्या वर्षीच मुलाकडे राहायला गेले. पत्ते खेळायला कुणीही येत नाही. मी भाजी द्यायला वर जाते तर दार वाजवून वाजवून परत येते. दवाखान्यातून मला निरोप आला, कारण खिशात दुसऱ्या कुणाचाच पत्ता सापडला नाही. तुझा विचारला तर म्हणाले, तिला कशाला, ती कामात आहे. मी सांगितलं असं सांगू नकोस, पण जमलं तर ये.


१७ एप्रिल

मामा,

हाताला जप. मी तुझ्यावर रागावले होते, ते आता कुठे ठेवू ते कळत नाहीये.

मास्तरांकडे गेले. तिसऱ्यांदा वाजवल्यावर दार उघडलं. अंगात बनियन, हातात अर्धा सोललेला बटाटा. माझ्याकडे बघत राहिले, मग बटाट्याकडे बघून म्हणाले, "ये."

घर एकदम नीटनेटकं. टेबलाला दोन खुर्च्या. मी बसायला गेले तर म्हणाले, "ती नको, दुसरी घे." मग स्वतःच म्हणाले, "बस, बस. कुठलीही घे."

खूप वेळ ते बटाटे सोलत राहिले. एवढ्या बटाट्यांचं एकटा माणूस काय करणार होता देव जाणे. मग विचारलं, "कधीपासून ऐकत होतीस?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायचं थांबला असतात."

"मग थांबलो असतो. तुझं काय बिघडत होतं?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, दिवसभरात माझ्या कानात माणसासारखं बोलणारं तेवढंच होतं.

त्यांनी सुरी खाली ठेवली. आणि मग सांगितलं, मामा. त्यांची बायको दोरावर असायची. मी उभी राहते तिथेच, वर्षानुवर्षं. तेव्हा हेडसेट नव्हते. खाली मशीनचा गोंगाट, तिचं लक्ष त्यांच्या हातांवर. ते वर काही बोलले तरी तिला ऐकू जायचं नाही. म्हणून वर ते वाटेल ते बोलायचे, भांडायचे, लाडात यायचे. खाली आल्यावर ती विचारायची, "ओठ हलत होते, काय म्हणत होतास?" आणि ते म्हणायचे, "काही नाही."

"आता खाली ऐकू जातं," ते म्हणाले. "आणि खाली ती नाही."

 मी एक बटाटा उचलला आणि सोलायला लागले.

निघताना दारात म्हणाले, "तुझी मालकीण खरंच झोपेत शिंकते?" मी म्हटलं, खरंच. ते हसले नाहीत, पण चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. डॉक्टर म्हणालेत की कानाच्या आतला तोल बिघडलाय. औषधानं कमी होईल, पण झाडावर चढणं संपलं. हे सांगताना त्यांनी दाराची कडी धरून ठेवली होती.

मी शनिवारी येतेय. नको म्हणून कळवू नकोस, पत्र पोचेपर्यंत मी गाडीत असेन.

खारू


९ मे

मामा,

परत आल्यापासून दोनदा लिहायला बसले आणि फाडलं.

तुझ्याकडे आले ते चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. मी तुझ्यावर ओरडले, आणि नेमकं तेच तुला नीट ऐकू गेलं. मी "खण उघड" म्हणाले तेव्हा तू माझ्याकडे जसं बघितलंस, तसं मला परत बघायचं नाहीये. पण मी माफी मागत नाही. तू यंत्र घालायला हवंस. तू म्हणालास, ते घातलं की भांडी डोक्यात आपटतात, माणसं मात्र तशीच लांब राहतात. असेल. डॉक्टर म्हणाल्या ना, डोक्याला पुन्हा सवय लागायला महिने जातात. मग जाऊ देत महिने.

इकडची बातमी. मास्तर कामावर आलेत, जमिनीवर. मुकादमांनी मला बोलावून विचारलं, "चढतेस?" मी म्हटलं, "दोरावर कोण?" त्यांनी मास्तरांकडे बोट दाखवलं. मास्तर माझी गाठ तपासत होते, त्यांनी वर बघितलंच नाही. भोंगा म्हणाला, "बघ हं पोरी, पडलीस तर माझ्या मशीनपासून लांब पड." त्याच्या भाषेत ही काळजी.

काल पहिल्यांदा वर गेले. फार उंच नाही.  आमच्या दोघांचे माईक मुकादमांनी आता आवाजावर केलेत. मास्तर कानात म्हणत होते, "डावा पाय. नाही, तो नाही, तुझा दुसरा डावा." दुपारनंतर मी कधी बोलायला लागले कळलंच नाही. आईशी बोलत होते, मामा. इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते. मध्येच आठवलं की खाली ऐकू जातंय आणि गप्प झाले.  मास्तरांकडून एवढंच आलं, "मी दोर बघतोय. तुझं चालू दे."

खाली आल्यावर मास्तर गाडीत शेजारी बसले होते, त्यांनी बिस्किटाचा पुडा माझ्यापुढे धरला.

खोली मात्र तशीच आहे. खिडकी भिंतीकडेच बघते. रविवार अजून फार मोठा असतो.

तुझा हात सुटला का? लिही.

खारू


२ जून

खारू,

हात सुटला. अक्षर वेडंवाकडं येतंय, पण माझं आहे.

तू गेल्यावर दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही. तुझ्यावर राग होता. मग राग गेला आणि खोली एकदम मोठी झाली. तुझा केसांचा रबर पलंगाखाली सापडला, तो मी खिडकीच्या कडीला अडकवलाय.

यंत्र घालतो. सकाळी थोडा वेळ, दुपारी थोडा वेळ. खोटं सांगत नाही, पाहिजे तर शिवणकामवाल्या बाईंना विचार. तुमचं काय शिजलंय ते मला माहीत आहे, पत्ता लिहायला कुणाला एवढा वेळ लागत नाही.

भयंकर प्रकार आहे हा. कागद चुरगळला तरी डोक्यात वणवा पेटल्यासारखा आवाज. पंख्याला आवाज असतो हे मी विसरलोच होतो. आणि रातकिडा आहे तिथेच आहे, त्याला यंत्राचं काही घेणंदेणं नाही. चांगलं ऐकू यायला लागलंय असं अजिबात समजू नकोस.

दुपारी बाईंच्या दुकानात खाली जाऊन बसतो. त्यांनीच ओढत नेलं पहिल्यांदा. त्या काम करता करता बोलतात, गिऱ्हाइकं येतात ती बोलतात. मला अर्धं कळत नाही. इतकी वर्षं मी काय करायचो तुला माहीत आहे? कळलं नाही की हसायचो. लोक हसले की मीही हसायचो. मग हसून हसून गाल दुखायला लागले आणि मी जाणंच सोडलं. घड्याळजी जायला निघाले तेव्हा दारात उभं राहून बराच वेळ काहीतरी सांगत होते. मी हसत होतो. काय सांगितलं ते मला कधीच कळलं नाही.

परवा बाई काहीतरी म्हणाल्या आणि दुकानातल्या दोघीतिघी हसल्या. माझेही दात बाहेर यायला निघाले. मग मीच ते आत घेतले आणि म्हटलं, "परत सांगा. मला ऐकू आलं नाही."

मला वाटलं आता सगळ्या माझ्याकडे बघणार. बाईंनी मशीनवरचा पाय काढला, माझ्याकडे तोंड केलं आणि परत सांगितलं. तरी नाही कळलं. मी म्हटलं, "अजून एकदा." त्यांनी अजून एकदा सांगितलं. काही विशेष नव्हतं गं, कुणीतरी मापाला दिलेल्या कोटाचं होतं.

माणसं परत सांगतात, खारू. मला माहीतच नव्हतं.

मामा